शब्दांचा ट्रक

मामा तोफखान्यातून कर्नल म्हणून निवृत्त झाला आणि देवळालीतच राहिला. मी मुंबईत चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना कलेचा इतिहास शिकवते. युद्ध आणि समकालीन कला हा भाग यंदा पहिल्यांदाच शिकवायचा होता. त्याची तयारी करताना मी मुद्दाम मामाशी बोलत गेले, कारण माझ्या भोवतीच्या सगळ्यांना युद्धविरोधी कला आधीपासूनच पटलेली असते. मामाला ती पटत नाही, आणि का पटत नाही हे त्याला नीट सांगता येतं. त्या बोलण्यातला बराचसा भाग इथे देते आहे. छापायला देण्याआधी त्याला वाचून दाखवला आहे.

सुरुवात एका ट्रकवरून झाली.

मी : 2007 साली जर्मनीत कासेलला 'डॉक्युमेंटा'चं बारावं प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या एका अंधाऱ्या दालनात खऱ्या मापाचा ट्रक ठेवला होता. आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले की टाक्या, नळ्या, सांगाडा असं एकेक दिसायला लागतं. इनिगो मांग्लानो-ओव्हाये या शिकागोच्या कलावंताचं काम. नाव 'फँटम ट्रक'.

मामा : कसला ट्रक?

मी : जो कधी नव्हताच, तो. 5 फेब्रुवारी 2003 ला अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराकबद्दल बोलले होते, आठवतं?

मामा : न आठवायला काय झालं! मेसमध्ये टीव्हीसमोर बसून ऐकलंय. पॉवेल म्हणजे आमच्या वेळच्या अधिकाऱ्यांना फार मोठा माणूस. व्हिएतनाममध्ये लढलेला, 1991 च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या तिन्ही दलांच्या वरचा अधिकारी. राजकारणी बोलतो ते आम्ही अर्ध्या कानाने ऐकायचो. हा बोलला म्हणून पुरतं ऐकलं.

मी : त्या भाषणात त्यांनी फिरत्या प्रयोगशाळा दाखवल्या होत्या. ट्रकवर बसवलेल्या, जैविक अस्त्रं तयार करणाऱ्या. फोटो नव्हते, रेखाटनं होती. माहितीचा मुख्य आधार होता जर्मनीत आश्रयाला गेलेला एक इराकी. गुप्तचरांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'कर्व्हबॉल'. 2011 साली त्यानेच 'गार्डियन'ला सांगितलं की सद्दामची राजवट जावी म्हणून हे मी रचलं होतं. आता क्रम बघ. एकाने गोष्ट रचली, तिचा अहवाल झाला, अहवालावरून रेखाटन झालं, रेखाटनाचं भाषण झालं आणि भाषणानंतर सहा-सात आठवड्यांत बगदादवर बॉम्ब पडायला लागले. मांग्लानो-ओव्हायेने फक्त पुढची पायरी गाठली. रेखाटनात दाखवलेली वस्तू बांधून दाखवली.

मामा : चार वर्षांनी.

मी : हो, चार वर्षांनी.

मामा : आणि कासेलमध्ये. तिथे रणगाडे बनतात, ठाऊक आहे ना तुला? दुसऱ्या महायुद्धात ते गाव बॉम्बहल्ल्यात जळलं ते काही उगाच नाही, कारखाने होते म्हणूनच. आजही आहेत. दर पाच वर्षांनी त्याच गावात जगभरचे लोक जमतात, युद्धाविरुद्धची कला बघतात, हळहळतात आणि विमानाने परत जातात. कारखाना चालू तो चालूच. तुझ्या ट्रकने काय केलं?

हा प्रश्न सगळेच विचारतात, पण मामाने विचारला तो तुच्छतेने नव्हे. त्याला खरंच उत्तर हवं होतं. पॉवेलवर त्याने विश्वास ठेवला होता, आणि पॉवेल यांनीच 2005 मध्ये ते भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग असल्याचं कबूल केलं, हे त्याला माहीत होतं. त्याच भाषणाच्या सुमाराला सुरक्षा परिषदेच्या दाराबाहेर टांगलेली पिकासोच्या 'गेर्निका' या युद्धविरोधी चित्राची विणलेली प्रत निळ्या पडद्याने झाकली गेली होती, ती गोष्ट मी त्याला सांगितली. कॅमेऱ्यांना साधी पार्श्वभूमी हवी होती असा खुलासा तेव्हा झाला होता. ही गोष्ट आता इतक्या वेळा सांगून झाली आहे की ती ऐकून कुणाला काही करावंसं वाटत नाही. मला तो पडदा दुय्यम वाटतो. पिकासोचं चित्र झाकलं नसतं तरी भाषण तेच झालं असतं. ट्रक मात्र थेट भाषणालाच हात घालतो.

मी : ट्रकने काही थांबवलं नाही. पण ऐकलेल्या वाक्याभोवती आपल्याला फिरता येत नाही, मामा. ते कानावर पडतं आणि पुढचं वाक्य येतं. त्या ट्रकभोवती लोक फिरले. एवढी मोठी वस्तू होती, तर तिचा एक फोटो कसा नव्हता, हा प्रश्न तिथे अंगावर येतो. तो प्रश्न 5 फेब्रुवारीलाच यायला हवा होता.

मामा : आम्हालाही यायला हवा होता. टेहळणीचा अहवाल आला की आम्ही पहिलं विचारतो, स्वतः पाहिलं कोणी? तेव्हा नाही विचारलं. ठीक आहे, ट्रक राहू दे. पुढचं काय?

पुढे मी जेनी होल्झरचं पुस्तक उघडलं. होल्झर ही अमेरिकन कलावंत सत्तरीच्या दशकापासून फक्त मजकुराशी काम करते आहे. इराक युद्धाच्या काळात माहिती अधिकाराच्या कायद्याखाली अमेरिकी सरकारला जी कागदपत्रं खुली करावी लागली, ती तिने मोठ्या कॅनव्हासवर जशीच्या तशी उतरवली. चौकशीचे कागद, पत्रं, शवविच्छेदनाचे अहवाल, जागोजागी काळ्या पट्ट्यांनी झाकलेले. काही कॅनव्हासवर मजकूर उरलेलाच नाही, नुसते काळे चौकोन आहेत. 2007 च्या व्हेनिस बिएनालेत तिने नकाशे दाखवले. अमेरिकेच्या सेंट्रल कमांडने 2002 मध्ये इराकवरच्या चढाईसाठी केलेल्या सादरीकरणातल्या त्या स्लाइड होत्या. सपाट रंग, मोठाले बाण, वर इंग्रजी शब्द. एका नकाशावर 'प्रोटेक्ट' दोनदा.

मामाने चष्मा लावला आणि पुस्तक उजेडाकडे धरलं. पानावरचं चित्र तो चित्र म्हणून बघतच नव्हता, नकाशा म्हणून वाचत होता.

मामा : हा बाण म्हणजे डिव्हिजन असणार. पंधरा-वीस हजार माणसं, त्यांच्या मागे पाणी, डिझेल, दारूगोळा. कागदावर बोटभर दिसतो. 'प्रोटेक्ट' म्हणजे एखादं ठिकाण शाबूत हातात घ्यायचं, शत्रूला ते उडवू द्यायचं नाही. पूल असेल, तेलाची विहीर असेल. यात खोटं काय आहे? हा कामाचा शब्द आहे.

मी : देश पादाक्रांत करायच्या नकाशावर 'राखणे' हा शब्द तुला खटकत नाही?

मामा : तुला खटकतो, कारण तू तो घरातल्या अर्थाने वाचतेस. थांब, नीट सांगतो. आमच्याकडे 'सप्रेस', 'न्यूट्रलाइज' आणि 'डिस्ट्रॉय' हे तीन वेगळे शब्द आहेत. सप्रेस म्हणजे आपला मारा चालू असेपर्यंत समोरच्याने डोकं वर काढायचं नाही. मारा थांबला की तो पुन्हा उठणार, हे धरून चालायचं. न्यूट्रलाइज म्हणजे काही वेळ तरी त्याला लढता येणार नाही इतका मार. डिस्ट्रॉय म्हणजे ते ठिकाण संपलं. प्रत्येकाचा हिशोब वेगळा. किती तोफा, किती गोळे, किती मिनिटं. पुढे डोंगरावर आपलीच पायदळाची पोरं चढत असतात. मी शब्द चुकवला तर ती मरतात. म्हणून शब्द कोरडा ठेवायचा. त्यात ना राग घालायचा, ना दया.

हे मला कुठल्याही पुस्तकात इतकं स्वच्छ वाचायला मिळालं नव्हतं. युद्धाच्या भाषेवर लिहिणारे बहुतेक जण असे सगळे शब्द एकाच पोत्यात भरतात. 'न्यूट्रलाइज' म्हणजे 'ठार मारणे' हे लपवायची युक्ती, एवढं म्हटलं की त्यांचं काम झालं. मीही वर्गात तेच सांगत असते.

मी : मग तोच शब्द संध्याकाळी टीव्हीवर येतो तेव्हा?

मामा : तेव्हा त्यातल्या तोफा, गोळे आणि मिनिटं गळून गेलेली असतात. उरतो नुसता आवाज. तो शब्द मग आमचा राहत नाही, बोलणाऱ्याचा होतो. आणि तुमच्या मराठी पेपरांचं काय? 'दहशतवाद्यांना कंठस्नान', 'शत्रूला धूळ चारली', 'यमसदनी धाडलं'. माझ्या सगळ्या नोकरीत असला शब्द एका तरी कागदावर दाखव. ज्याने माणूस पडताना पाहिलाय त्याच्या हातून 'कंठस्नान' लिहिलं जात नाही. ते लिहिणारा तिथून हजार मैलांवर असतो.

मी त्याला तेव्हा काही उत्तर दिलं नाही. नंतर विचार केल्यावर वाटलं की मला शिकवायचं होतं ते इथे हाती लागलं. युद्धाचं समर्थन करणारी भाषा तोफेजवळ तयार होत नाही. ती राजधानीत, स्टुडिओत, छपाईच्या टेबलावर तयार होते आणि तोफेपासून जितकी लांब तितकी ती फुलते किंवा गुळगुळीत होते. चांगला कलावंत तिला धरून पुन्हा तिथे नेतो, जिथे तिचा परिणाम होतो. होल्झरच्या नकाशांनी हेच केलं आहे. ते सादरीकरण मंत्र्या-अधिकाऱ्यांच्या बैठकीसाठी होतं. त्यातल्या अंदाजाप्रमाणे डिसेंबर 2006 पर्यंत इराकमध्ये जेमतेम 5,000 अमेरिकी सैनिक उरायचे होते. प्रत्यक्षात तेव्हा सव्वा लाखाहून अधिक सैनिक तिथे होते आणि बगदादमध्ये रोज प्रेतं सापडत होती. 2007 मध्ये व्हेनिसला तो नकाशा भिंतीवर लागला तेव्हा बघणाऱ्याच्या डोक्यात ही दोन्ही चित्रं एकावर एक बसलेली होती. होल्झरला स्वतःचं एक वाक्यही लिहावं लागलं नाही.

पुढच्या पानावर हाताचा पंजा होता. गैरकृत्यांचे आरोप झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या फाइलीतले हे ठसे. काहींवर सरकारी खात्याने काळं फासलेलं.

मी : बघ, हातसुद्धा झाकलाय.

मामा : बरोबर झाकलाय. आरोपी म्हणजे दोषी नव्हे. उद्या निर्दोष सुटला तर? त्याचा ठसा जगाच्या भिंतीवर कशाला? काळी पट्टी दिसली की तुम्ही लोक गुन्हा शोधायला लागता. काही पट्ट्या माणसाच्या रक्षणासाठी असतात.

हे मला मान्य करावं लागलं. फक्त एवढंच म्हणाले, की कुठली पट्टी माणसाला वाचवते आणि कुठली हुकूम देणाऱ्याला, हे ठरवण्याचा अधिकार पट्टी मारणाऱ्याच्याच हातात असतो. मामाने मान हलवली आणि पान उलटलं.

त्यानंतर मार्क वॉलिंजर या ब्रिटिश कलावंताच्या कामावर थोडं बोलणं झालं. ब्रायन हॉ नावाचा माणूस जून 2001 पासून लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये ठाण मांडून बसला होता. आधी इराकवरच्या निर्बंधांविरुद्ध, मग युद्धाविरुद्ध. त्याचे फलक, फोटो, झेंडे, खेळण्यातली अस्वलं असं सगळं मिळून चाळीसेक मीटरची रांग झाली होती. 2005 मध्ये पार्लमेंटच्या एक किलोमीटर परिसरात विनापरवाना निदर्शनं करायला बंदी घालणारा कायदा आला आणि मे 2006 मध्ये पोलिसांनी एका रात्रीत जवळजवळ सगळं उचलून नेलं. वॉलिंजरने त्यातली सहाशेहून अधिक चीजवस्तू हुबेहूब पुन्हा घडवली आणि जानेवारी 2007 मध्ये टेट ब्रिटन संग्रहालयात तशीच मांडली. ती एक किलोमीटरची हद्द संग्रहालयातून जाते, असं दाखवणारी काळी रेघ त्याने जमिनीवर ओढली. म्हणजे मांडणीचा काही भाग त्या बंदीच्या वर्तुळाच्या आत.

मामा : पोलिसांनी तिथून उचललं?

मी : नाही. त्याच वर्षी त्याला टर्नर पारितोषिक मिळालं.

मामा : तेच म्हणतो मी. रस्त्यावर गुन्हा, संग्रहालयात पारितोषिक. सरकारला तुमची कला चालते, कारण ती आत असते. खऱ्या माणसाला मात्र तीन मीटरची जागा उरली.

हा मामाचा सगळ्यात कठीण मुद्दा. संग्रहालयात शिरलं की निषेधाची धार जाते, हे मला पटतं. मोठ्या गॅलऱ्यांतली कितीतरी युद्धविरोधी कामं मी पाहिली आहेत, ज्यांच्यासमोर उभं राहून स्वतःबद्दल बरं वाटण्यापलीकडे काही होत नाही. पण म्हणून मी त्याला साशा स्कोचिलेंकोची हकीकत सांगितली.

मी : 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर चढाई केली. पुतिन यांनी तिला 'विशेष लष्करी कारवाई' म्हटलं. दोनच दिवसांत तिथल्या नियामक संस्थेने माध्यमांना बजावलं की 'युद्ध', 'आक्रमण' हे शब्द वापरायचे नाहीत. 4 मार्चला कायदा आला. लष्कराबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर पंधरा वर्षांपर्यंत कैद. नुसते कोरे कागद धरून उभ्या राहिलेल्यांनाही पोलिसांनी उचललं. स्कोचिलेंको सेंट पीटर्सबर्गची तरुण चित्रकार, संगीतही करायची. 31 मार्चला ती एका सुपरमार्केटात गेली आणि मालाच्या किमतीच्या चिठ्ठ्या काढून त्यांच्या जागी तशाच दिसणाऱ्या पाच चिठ्ठ्या लावल्या. एकीवर लिहिलं होतं की रशियन फौजेने मारियुपोलमधल्या कलाशाळेवर बॉम्ब टाकला, तिथे सुमारे चारशे लोक लपले होते. दुसरीवर महागाई का वाढली ते.

मामा : किमतीच्या चिठ्ठीवर.

मी : हो, भावाच्या जागी. साखर घ्यायला आलेली बाई वाकून किंमत बघते आणि कलाशाळा वाचते. एका वयस्कर गिऱ्हाइकाने तक्रार केली. एप्रिलमध्ये अटक झाली. नोव्हेंबर 2023 मध्ये सात वर्षांची सजा. कोर्टात शेवटचं बोलताना ती साधारण असं म्हणाली, की पाच चिठ्ठ्यांनी राज्य आणि समाजाची सुरक्षितता धोक्यात येते असं सरकारी वकिलांना वाटत असेल, तर त्यांचा आपल्या राज्यावर किती थोडा विश्वास आहे! ऑगस्ट 2024 मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. तू विचारत होतास कलेने काय होतं. ज्या सरकारकडे अण्वस्त्रं आहेत त्याला पाच चिठ्ठ्यांसाठी खटला चालवावासा का वाटला?

मामा : कारण ती चिठ्ठी गॅलरीत नव्हती. ही बाई आवडली मला. पोझिशन अचूक निवडली तिने. पण आता माझं ऐक. त्याच युद्धात युक्रेनचं सरकारही आपल्या पोरांना लढायला बोलावतंय. तेही शब्दच आहेत. मातृभूमी, बलिदान, विजय. तुझे कलावंत युद्धाच्या प्रत्येक शब्दाला सोलून काढणार असतील, तर ज्याच्या घरात शत्रू शिरलाय त्याच्या हातात काय ठेवणार? सगळी समर्थनं सारखीच खोटी असतात, हे म्हणणं आक्रमकाच्या फायद्याचं आहे. ज्याचं घर पेटलंय त्याला भाषाशुद्धी शिकवू नका.

मी : झान्ना काडिरोव्हा नावाची युक्रेनची शिल्पकार आहे. युद्ध सुरू झाल्यावर ती कीव्ह सोडून पश्चिमेकडे डोंगरातल्या एका खेड्यात गेली. तिथल्या नदीत पाण्याने गोल झालेले दगड होते, थेट पावासारखे दिसणारे. काही तसेच ठेवले, काहींच्या पावासारख्या चकत्या केल्या. टेबलावर मांडले. नाव दिलं 'पाल्यानित्स्या', म्हणजे तिकडचा पाव. हा शब्द रशियन माणसाला नीट म्हणता येत नाही, म्हणून अनोळखी माणसाला युक्रेनी लोक तो म्हणायला लावत. विक्रीचे पैसे तिने लढणाऱ्या आणि मदत करणाऱ्या आपल्या देशबांधवांना दिले.

मामा : म्हणजे ती युद्धाच्या विरुद्ध नाही.

मी : चढाईच्या विरुद्ध आहे. तुझा मुद्दा मी नाकारत नाही, सगळ्या समर्थनांना एकच माप लावता येत नाही. पण एक गोष्ट सगळ्यांना विचारता येते. तुमच्या शब्दाची शहानिशा करू देता का? कीव्हमध्ये बॉम्ब पडला की कुठे पडला, कोण मेलं, हे जाऊन बघता येतं, लिहिता येतं. सेंट पीटर्सबर्गमध्ये 'युद्ध' म्हणता येत नाही.

मामा : युद्धात कीव्हमध्येही सगळं लिहू देत नाहीत. द्यायचंही नसतं. गोळा नेमका कुठे पडला हे छापलं की शत्रूचा पुढचा गोळा दुरुस्त होऊन येतो.

मी : ते खरं. पण कलाशाळेत मेलेल्यांची बातमी दिल्याने कुणाचा नेम सुधारत नाही.

यावर तो बराच वेळ बोलत राहिला, सैन्याला गुप्तता कुठे लागते आणि सरकार तिच्या आडोशाला काय काय नेऊन ठेवतं. त्यातलं बरंच मी इथे देत नाही, विषय लांब जाईल. आपल्याकडचं उदाहरण मात्र निघालंच. 1974 च्या पोखरण चाचणीला आपण अधिकृतपणे शांततामय अणुस्फोट म्हटलं होतं. 1998 च्या चाचण्यांनंतर नलिनी मलानी यांनी 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' ही मांडणी केली आणि ती मुंबईत, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात लागली. मलानींचा जन्म 1946 चा, कराचीचा. जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका, त्यांत चालू असलेले पडदे, भिंतींवर अणुस्फोटांची दृश्यं आणि समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका, दोघी मिळून एक साडी घडी करू बघताहेत आणि ती घडी काही जमत नाही. मामा चाचण्यांच्या बाजूचा होता आणि आहे. त्याचं म्हणणं, साडी घडी न होण्याला बॉम्ब जबाबदार नाही, 1947 जबाबदार आहे. मला वाटतं मलानींनाही हे अमान्य नसावं, त्यांनी नाव मंटोच्या फाळणीवरच्या कथेचं घेतलं आहे.

मामाला मनापासून भावलं ते स्टीव्ह मॅक्वीनचं काम. 2003 मध्ये ब्रिटनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने त्याला युद्धचित्रकार म्हणून नेमलं. त्याने ओक लाकडाचं एक कपाट केलं, त्याला उभे ओढायचे खण. प्रत्येक खणात टपाल तिकिटांचा एक पूर्ण ताव, आणि प्रत्येक तिकिटावर इराकमध्ये मारल्या गेलेल्या एका ब्रिटिश सैनिकाचा चेहरा, घरच्यांनी निवडून दिलेला. कोपऱ्यात राणीची छोटी आकृती. नाव 'क्वीन अँड कंट्री'. ही तिकिटं खरी काढावीत, घराघरांत पत्रांवर जावीत, अशी त्याची मागणी होती. टपाल खात्याने ती मानली नाही.

मामा : हे मी हाताने ओढून बघेन. प्रत्येक खण. यात चित्रकाराने स्वतःचं शहाणपण सांगितलेलं नाही. ज्या राणीसाठी आणि देशासाठी गेला म्हणता, त्याला पाकिटावर चिकटवा, एवढंच म्हणाला. आणि तेवढंसुद्धा जमलं नाही त्यांना.

मी : पण इराकी माणसं त्या कपाटात नाहीत.

मामा : त्याला त्यांच्यासाठी नेमलं नव्हतं.

मी : म्हणून दुसऱ्या कुणाला तरी ते करावं लागलं. वफा बिलाल हा अमेरिकेत राहणारा इराकी कलावंत. त्याचा भाऊ 2004 मध्ये कूफा शहरात क्षेपणास्त्राने मेला. 2010 मध्ये न्यू यॉर्कला सलग चोवीस तास बसून त्याने पाठीवर गोंदवून घेतलं. पाठभर इराकचा नकाशा, त्यावर ठिपके. अमेरिकी सैनिकांचे पाच हजार लाल. इराकी लोकांचे एक लाख, पण ते अशा शाईने की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. अतिनील दिवा धरला की हिरवे उमटतात.

मामाने आपला चष्मा काढला आणि कारगिलचं बोलायला लागला. 1999 मध्ये तो द्रासला तोफांवर होता, पण त्या दिवसांबद्दल तो एरवी फारसं बोलत नाही.

मामा : आता माझ्याकडचं उदाहरण घे. वर शिखरांवर जे मेले ते पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे सैनिक होते. खिशात पगाराची पुस्तकं, घरची पत्रं. पण त्यांचं सरकार सांगत होतं की हे आमचे सैनिक नाहीत, मुजाहिदीन आहेत. एकदा असं म्हटल्यावर प्रेतं परत कशी घेणार? घेतली तर वाक्य खोटं ठरतं. म्हणून बहुतेक घेतली नाहीत. आपल्या लोकांनी त्यांना लष्करी इतमामाने, त्यांच्या धर्माच्या रीतीने पुरलं. त्यांचा कॅप्टन करनल शेर खान इतका लढला की आपल्या ब्रिगेडियरनेच त्याच्या शौर्याबद्दल चिठ्ठी लिहून प्रेताबरोबर पाठवली, आणि त्याला तिकडचं सर्वोच्च शौर्यपदक, निशान-ए-हैदर, मिळालं. पण बाकीचे? 2010 साली, अकरा वर्षांनी, पाकिस्तानी लष्कराने आपल्या संकेतस्थळावर 453 नावं टाकली. अकरा वर्षं त्यांच्या आयांनी काय म्हणायचं होतं, आपला मुलगा कुठे गेला म्हणून? तू समर्थनाच्या भाषेचं विचारतेस ना, मी पाहिलेली सगळ्यात वाईट ही. तिने शत्रूला नाही मारलं. स्वतःच्याच माणसांना मेल्यावर टाकून दिलं.

मी : यावर कुणी काम करायला हवं.

मामा : करा. मी बोलेन त्याच्याशी. वाटेल तितका वेळ. पण एक अट. तिकडच्या 453 नावांबरोबर आपली 527 पण घ्यायची.

मी : तो आपले शब्दही तपासेल, मामा. फक्त त्यांचे नाही. ज्या पेपरांनी तेव्हा 'कंठस्नान' छापलं ते पेपरही आणेल.

मामा : आणू दे. तुझी पोरं इकडे घेऊन ये. मी त्यांना आधी नकाशा वाचायला शिकवतो. बाण म्हणजे काय, त्यात किती माणसं, त्यांच्या मागे काय. मग शब्द. कुठला तोफेवरचा, कुठला स्टुडिओतला, ते वेगळे काढायचे. ते जमल्यावरच चित्राला हात लावायचा.

मी त्याला सांगितलं की कलावंत या क्रमाने काम करत नाही. कधी चित्र आधी होतं आणि शब्द कुठला होता ते त्याला नंतर कळतं. मामाचं म्हणणं, तसं असेल तर तुझे कलावंतही पॉवेलसारखेच फसतील. यावर आमचा वाद अजून चालू आहे. मुलांना घेऊन देवळालीला जायचं मात्र ठरलं आहे.